रेडिओचाचा आणि अडवलेला मजकूर

सुरुवातीलाच माफी मागतो. कोणाचं व्यक्तिचित्र लिहावं इतका मी मोठा नाही. लांज्याजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आईबाबा दोघंही काजूच्या कारखान्यात. बाबांना सही करता येते, आईला एसटीची पाटी वाचता येते. घरात पुस्तकं म्हणाल तर माझ्या शाळेचीच, तीही दरवर्षी पुढच्या मुलाला देऊन टाकलेली. चाचांवर लिहायचं तर त्यांच्याबरोबर जहाजावर काम केलेल्या एखाद्या कप्तानाने लिहायला हवं होतं, नाहीतर रत्नागिरीतल्या एखाद्या जाणत्या संपादकाने. मी वाट पाहिली. कोणी लिहिलं नाही. जे दोनचार लोक त्यांच्याबद्दल बोलतात ते एकाच प्रसंगाबद्दल बोलतात, आणि तोही अर्धाच सांगतात. म्हणून धीर केला आहे.

त्यांचं नाव इस्माईल मुकादम. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी ते मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. एका लहानशा खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं, आलेले संदेश लिहून घ्यायचे, दिलेले पाठवायचे, हे त्यांचं काम. पुढे उपग्रह आले आणि ती नोकरीच जगातून नाहीशी झाली. चाचा रत्नागिरीत राजिवड्यातल्या घरी परत आले ते 'रेडिओचाचा' होऊनच.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी भाऊंनी 'बंदरकट्टा' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. भाऊंचा मूळ धंदा लग्नपत्रिका छापण्याचा. पत्रिका कमी झाल्या तेव्हा त्यांना वाटलं, कोकणातल्या कोणालाही काहीही लिहिता येईल अशी एक जागा इंटरनेटवर असावी. दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की कोणीही लिहावं म्हटलं की कोणीही काहीही लिहितं. आंब्याच्या कवितेखाली दोन भावकींचं भांडण सुरू व्हायचं आणि पोलीस ठाण्यातून भाऊंना फोन यायचा. शेवटी ते चाचांकडे गेले. म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर लोकांचे निरोप सांभाळलेत. हेही सांभाळा." काय प्रसिद्ध करायचं, काय थांबवायचं, काय काढून टाकायचं, हे सगळं त्या दिवसापासून चाचा बघू लागले.

छापखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात काळे बूट, समोर लिंबू पिळलेला काळा चहा. भिंतीवर जहाजावरून आणलेलं गोल घड्याळ. त्याच्या तबकडीवर दोन लाल पट्टे होते, एक पंधरा ते अठरा मिनिटांवर आणि दुसरा पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीसवर. काटा लाल पट्ट्यात शिरला की चाचा बोलायचे थांबत. वाक्याच्या मधोमध असले तरी थांबत. समोरच्यानेही गप्प राहावं म्हणून एक बोट वर करत.

मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "जहाजावर तासातून दोनदा तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. कोणी काही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं. लांब कोणी बुडत असेल, त्याची बॅटरी संपत आली असेल, तर त्याचा बारीक आवाज तेवढ्या वेळात ऐकू यावा."

"आता इथे कोण बुडतंय, चाचा?"

"ते ऐकल्याशिवाय कसं कळणार?" एवढं म्हणून ते कामाला लागले.

माझी त्यांची ओळख माझ्या एका लेखामुळे झाली. रत्नागिरीत कॉलेजसाठी मी ज्या वसतिगृहात राहत होतो तिथल्या जेवणाबद्दल मी रागाने लिहून पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन आला. "मुकादम बोलतोय, बंदरकट्ट्यावरून. लेख आलाय तुमचा. जरा येऊन जाता काय?"

मी घाबरत गेलो. त्यांनी माझा लेख कागदावर छापून ठेवला होता आणि हातात पेन्सिल होती.

"'आमटीत अळ्या असतात.' पाहिल्यास?"

"हो. दोनदा."

त्यांनी ओळीच्या कडेला 'पाहिलं' असं बारीक अक्षरात लिहिलं. "'वॉर्डन चांगलं धान्य घरी नेतात.' हे पाहिलंस?"

"मी नाही. मुलं सांगतात."

त्यांनी 'ऐकलं' असं लिहिलं. "'त्यांना गरिबांच्या मुलांचा तिरस्कार आहे.' हे?"

मी म्हटलं, "तसं वाटतं, चाचा."

त्यांनी 'वाटलं' असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"म्हणजे हे येणार नाही?"

"येणार की. मी कुठे नाही म्हटलं? पाहिलेलं पाहिलं म्हणून लिही, ऐकलेलं ऐकलं म्हणून लिही, वाटलेलं वाटलं म्हणून लिही. वाटण्यावर कोणाची बंदी नाही. फक्त वाटलेल्याला पाहिल्याचे कपडे घालू नकोस."

मी तिथेच बसून लेख पुन्हा लिहिला. त्यांनी वॉर्डनना फोन करून त्यांचं म्हणणं घेतलं आणि दोन्ही एकाखाली एक प्रसिद्ध केलं. वॉर्डन धान्य घरी नेत होते हे खरं निघालं. निवडायला नेत होते. वसतिगृहात निवडणारी बाई काम सोडून गेली होती आणि ते काम त्यांची बायको करत होती. ते वाचताना माझे कान गरम झाले. आमटी मात्र पुढच्या आठवड्यात सुधारली.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिलो. कधी लेख घेऊन, कधी नुसताच. त्यांना ते आवडत होतं की नव्हतं, मला कळलं नाही. पण माझ्यासाठी दुसरा कप येत असे.

दुसऱ्याच्या मजकुरातला एक शब्दही ते बदलत नसत. जयगडकडचा एक मुलगा कुवेतहून त्याच्या घरच्या बोलीत लिहून पाठवायचा. एक निवृत्त गुरुजी तक्रार घेऊन आले की ही मराठी वाचून आपल्या मुलांची भाषा बिघडेल. चाचा म्हणाले, "गुरुजी, निरोप ज्याचा त्याच्या शब्दांत जायला पाहिजे. मी तो सुधारायला लागलो तर तो माझा निरोप होईल. तुमची तक्रार लिहून द्या, तीही तशीच घालतो."

गुरुजींनी लिहून दिली. तिच्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. चाचांनी त्याही तशाच ठेवल्या. मला वाटतं, त्यातला थोडासा आनंद त्यांनी घेतला असावा. इतर वेळी ते फारसे हसत नसत.

तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे: "कुठली ओळ?" एकदा मासळी विकणाऱ्या एका बाईने लिहिलं की बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह उद्घाटनापासून बंद आहे आणि चावी मेंबरच्या घरी असते. तिसऱ्या दिवशी मेंबर स्वतः तिघांना घेऊन हजर.

"चाचा, ते काढा."

"कुठली ओळ?"

"ओळ कसली? सगळंच काढा."

"सगळं असं काही नसतं. ओळ दाखवा. बोट ठेवा आणि मोठ्याने वाचा."

मेंबरनी चष्मा लावला. "'उद्घाटनाला मेंबर हसत हसत फीत कापत होता.' ही बघा. ही बदनामी आहे."

"हसत नव्हता?"

मेंबर काही बोलायच्या आत त्यांच्याबरोबर आलेला एकजण हळूच म्हणाला, "फोटोत हसताय तुम्ही, दादा."

"तू गप रे. आणि ही चावीची ओळ. चावी माझ्याकडे नाहीच आहे, पुतण्याकडे आहे."

"लिहून द्या. घालतो लगेच."

मेंबर चिडून उभे राहिले आणि तेवढ्यात काटा लाल पट्ट्यात शिरला. चाचांनी बोट वर केलं. मेंबरना वाटलं काही नमाजाचं असेल, म्हणून तेही गप्प राहिले. तीन मिनिटं खोलीत फक्त पंखा वाजत होता. माणूस इतका वेळ रागात उभा राहू शकत नाही, हे मी तिथे पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला मेंबर बसले. तीन मिनिटं झाल्यावर म्हणाले, "चहा तरी सांगा."

चार दिवसांनी कुलूप निघाल्याचं त्यांनी लिहून पाठवलं. चाचा बूट घालून बाजारात गेले, बाहेरून उघडं दार पाहिलं, आतलं त्या बाईंना विचारलं आणि खाली टीप घातली: 'अर्धं पाहिलं, अर्धं ऐकलं.'

पण काही गोष्टी ते कोणालाही न विचारता काढत. एका मुलीने दुसऱ्या धर्माच्या मुलाशी लग्न केलं तेव्हा कोणीतरी तिचं नाव आणि घराची खूण लिहून टाकली. चाचांनी ते दिसल्याक्षणी काढलं. लिहिणारा तरुण तावातावाने आला. "तुम्हीच म्हणता ना, वाटण्यावर बंदी नाही? मग आता?"

"तुला काय वाटतं ते लिहिलंस कुठे? तिचं घर दाखवलंस. तू लोकांना वाचायला नाही बोलावलंस, तिच्या दारात उभं राहायला बोलावलंस. तिने त्यावर उत्तर कुठून द्यायचं, आतून कडी लावून?"

तो गेला आणि त्याने प्रतिक्रिया लिहिली की हा मुसलमान असल्यामुळे आपल्या लोकांना सांभाळतो. खरं तर मुलगी हिंदू होती. मी म्हटलं, "हे तरी काढा." चाचांनी मान हलवली. "हे माझ्याबद्दल आहे. माझ्याबद्दलचं मी काढत नाही. न्हाव्याने स्वतःची हजामत केली तर मागून कापायचं राहतं."

आता तो प्रसंग.

त्याच्या आदल्या वर्षी कोणीतरी बंदरकट्ट्यावर लिहिलं होतं की मोठी लाट येते आहे. चाचा तेव्हा जेवायला गेले होते आणि मजकूर थेट प्रसिद्ध होण्याची सोय होती. किनाऱ्यावरच्या दोन गावांतले लोक पोरांना उचलून डोंगरावर पळाले. लाट आली नाही. धावपळीत एक म्हातारी जांभ्याच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. चाचा तिला भेटायला जाऊन आले आणि त्यांनी नियम केला: हवामानाबद्दल काहीही आलं तर सरकारी इशारा असल्याशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. पाहिलं, ऐकलं, वाटलं, हे सगळं बाकीच्या मजकुराला. हवामानाला नाही. ह्या नियमाचा त्यांना अभिमान होता. मलाही तो योग्य वाटला होता.

पावसाळा सरत आला होता आणि बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. खाडीपलीकडच्या गावातले एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे जुने प्रमुख, आपल्या नातीकडून लिहून घेऊन अधूनमधून काही पाठवत. त्या दिवशी सकाळी त्यांनी पाठवलं: 'पाणी जड लागतंय. वारा पडलाय तो बरा नाही. दुपारनंतर लहान बोटी काढू नका.'

चाचांनी त्यांना फोन केला. मी समोर बसलो होतो.

"तांडेल, काय पाहिलंत?"

"पाहिला काय म्हणून सांगू? वाटतंय."

"खात्याचा इशारा नाही आज."

"नसंल. माका... मला वाटतंय ता सांगितलं."

चाचांनी मजकूर 'तपासणीत' म्हणून बाजूला ठेवला. वहीत वेळा लिहिल्या: आला दहा चाळीस, अडवला अकरा. मग आम्ही माझ्या कॉलेजच्या एका निबंधाबद्दल बोललो. काटा लाल पट्ट्यात गेला तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे गप्प बसलो.

दुपारी चारच्या सुमारास वारा उठला. फार मोठा नव्हता, तासाभरात गेला. इतकं छोटं वादळ नकाशावर दिसतही नाही, असं चाचाच मला नंतर म्हणाले. पण त्या गावातली एक लहान बोट उलटली. तिघांपैकी दोघांना दुसऱ्या बोटीने उचललं. तिसरा नितेश, तेवीस वर्षांचा. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

दहाबारा दिवसांनी त्याची आई आली. वनिताकाकी. मासळी विकतात. त्या दारातच उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"गावात लोक बोलतात, तांडेलानं सांगितलान होता, लिहून टाकलान होता, तरी पोरं माज करून गेली. मला एवढाच विचारायचं हाय. माझ्या पोरानं ता वाचलान होता काय? त्याच्या फोनात तुमचा कट्टा होता. वाचून गेला असंल तर तसं सांगा. मी ऐकून घेईन."

खोलीत त्या, चाचा आणि मी एवढेच होतो. तो मजकूर कुठे अडला हे चाचांना ठाऊक होतं आणि मला. तांडेलांनाही नीट ठाऊक नव्हतं. आपण पाठवला म्हणजे तो लोकांनी वाचला, अशी त्यांची समजूत होती.

चाचा उठून उभे राहिले. "नाही वाचला. कोणीच नाही वाचला. मी तो प्रसिद्धच केला नाही."

काकींना समजलं नाही. "मग तांडेल बोलतो ता खोटा?"

"तांडेल खरं बोलतात. त्यांनी पाठवला. तो माझ्यापाशी अडला. तुमच्या मुलाला कोणी काही सांगितलं नव्हतं."

काकी रडतील असं मला वाटलं, ओरडतील असंही वाटलं. त्यांनी पदर सारखा केला. "मग मला सांगून काय उपेग? ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांना सांगा."

त्या गेल्यावर चाचांनी त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक पान लिहिलं आणि ते बंदरकट्ट्याच्या पहिल्या पानावर घातलं. त्यात तांडेलांचा मजकूर जसाच्या तसा होता. खाली वेळा होत्या: मजकूर आला दहा चाळीसला, फोन केला दहा पंचावन्नला, अडवला अकराला, बोटी निघाल्या साडेबारानंतर. पुढे तीनच वाक्यं होती. 'हा मजकूर मी थांबवला. तो वाचून ते थांबले असते का, हे मला ठाऊक नाही. पण जायचं की थांबायचं हे ठरवणं त्यांच्या हातात होतं, ते मी काढून घेतलं.' खाली पूर्ण नाव.

भाऊ धावत आले. पान वाचून खुर्चीत बसले. "चाचा, हे काढा. नियमाप्रमाणे वागलात तुम्ही. उद्या लोक म्हणतील, ह्यांनीच पोरगा मारला."

"कुठली ओळ खोटी आहे, भाऊ?"

"खोटी नाही हो. पण लिहायलाच पाहिजे का?"

"त्या पोराने इशारा धुडकावला असं अख्खं गाव म्हणतंय. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे फक्त माझ्या वहीत लिहिलंय. मी गप्प बसलो तर मी दुसऱ्यांदा अडवलं असं होईल."

भाऊंनी पान राहू दिलं. त्यांच्याबद्दल हे सांगायला हवं, की त्या दिवशी ते वाईट वागले नाहीत.

पुढचे काही दिवस मला आठवायला आवडत नाहीत. पानाखाली शिव्या येत होत्या. 'खुनी' लिहिलं होतं, त्याहून वाईटही होतं. चाचा सगळं वाचत आणि तसंच ठेवत. एका माणसाने त्यांच्या घराची खूण लिहिली, मशिदीपासून कितवं दार ते. चाचांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा थकलेला होता.

"घराची खूण दिसली की मी काढतो. माझ्याबद्दलचं मी काढत नाही. दोन्ही नियम माझेच. तू ठरव."

मी ते काढलं.

"वहीत लिही," ते म्हणाले. "वेळ घाल. तुझ्या नावाने लिही."

हवामानाचा नियम त्यांनी बदलला. त्यानंतर तांडेलांचा मजकूर आला की तो त्याच मिनिटाला प्रसिद्ध होई, वर ठळक अक्षरांत 'तांडेलांना असं वाटतं' आणि शेजारी खात्याचा अंदाज. बहुतेक दिवशी काहीच होत नसे. पोरं त्यावर विनोद करत. कोणी म्हणालं, तांडेलांना रोजच वाटतं. चाचा म्हणाले, "रोज चुकू दे. वाचणाऱ्याला डोकं आहे, हे मी एकदा विसरलो होतो."

मला त्यांच्यात दोष दिसले नाहीत असं नाही. ते हट्टी होते. आपलं काम दुसऱ्या कोणाला येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी कोणाला ते नीट शिकवलंही नाही. नवकवींशी ते कडक वागत. आणि त्या दिवसानंतर लाल पट्ट्याच्या वेळी ते डोळे मिटून घ्यायला लागले. पूर्वी मिटत नसत. ते पाहवत नसे, पण थांबा म्हणायची हिंमत मला झाली नाही.

वर्षभराने त्यांचं हृदयाचं दुखणं वाढलं आणि खेडला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने त्यांना घेऊन जायचं ठरवलं. मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो. मुलगी तिकिटांची चौकशी करायला गेली तेव्हा ते बाकावर बसले होते, मांडीवर पिशवी, बुटांना पॉलिश. लांज्याच्या गाडीची घोषणा झाली तेव्हा म्हणाले, "तुझी गाडी." मी म्हटलं, मी आज घरी जात नाहीये.

गाडी लागली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "ते पान राहू दे. बाकी कट्ट्याचं काय करायचं ते भाऊ बघतील. ते पान राहू दे."

"राहील, चाचा. मी बघतो."

खिडकीत बसल्यावर त्यांनी हात हलवला नाही. पुढे बघत बसले, ताठ, जसे टेबलापाशी बसत तसे. गाडी वळेपर्यंत त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता.

मी शब्द पाळू शकलो नाही. भाऊंनी कट्टा नव्याने करून घ्यायला एका बाहेरच्या कंपनीला दिला. आता मजकूर यंत्र तपासतं. जुनी पानं नव्या जागी आली, आंब्याच्या कवितासुद्धा आल्या. ते पान आलं नाही. भाऊ म्हणाले, तांत्रिक चूक असेल, बघू. मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायला संकोच वाटला, कारण परीक्षेच्या फॉर्मचं काम मी त्यांच्याकडूनच करून घेत होतो. चाचांना फोन करून सांगायला हवं होतं. नंबर लावायचो आणि वाजायच्या आत बंद करायचो. असे चार महिने गेले.

मागच्या महिन्यात एका दुपारी वनिताकाकींचा फोन आला. माझा नंबर त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं.

"महेश ना रे? चाचा गेले. आठ दिवस झाले. त्यांच्या लेकीनं कळवलान मला."

माझ्या तोंडून निघालं, "काकी, ते पान राहिलं नाही. मी त्यांना सांगितलंच नाही."

"पान गेलं ता ठाऊक हाय मला. नितेशच्या भावानं शोधलान, मिळंना. मीच फोन केला चाचांना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले लेकीला घेऊन. ती हाताला धरून होती त्यांना. आमच्या जेटीवर मासळीच्या लिलावाला सगळे जमलेले, तांडेल पण होता. कागद काढलानी नि उभ्यानं सगळं वाचलानी, वेळेसकट. खुर्ची दिली तर बसले नाय."

"लोक काय म्हणाले?"

"काय बोलणार? ऐकलानी. मग कोणी चाय दिलान, ती प्याले नि गेले. त्या दिवसापासून माझ्या पोराला कोण तसं बोलत नाय."

"कधी आले होते?"

"शिमग्याच्या आधी."

शिमग्याच्या आधी मी इथेच होतो. ती जेटी माझ्या खोलीपासून खाडीतल्या तरीने जायचं म्हटलं तर अर्ध्या तासावर आहे. मी म्हटलं, "मला कोणी कळवलं नाही, काकी."

"मी कळवणार होते. चाचाच नको बोलले. बोलले, महेशला सांगू नकोस. त्यानं शब्द दिलान होता, त्याला वाईट वाटंल."